फ्लॉरेन्स नाइटिंगेल : व्रत की व्यवसाय?

काही थोर माणसांच्या वाट्याला एक चमत्कारिक दुर्दैव येते. त्यांचे एकच चित्र लोकांच्या मनात ठसते आणि बाकीचे सारे आयुष्य त्या चित्रामागे झाकले जाते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचे असेच झाले आहे. रात्रीची वेळ, लष्करी इस्पितळाचा लांबच लांब वॉर्ड, दोन्ही बाजूंना कण्हणारे जखमी शिपाई आणि हातात दिवा घेऊन एकेका खाटेपाशी थांबणारी एक सडपातळ स्त्री! शाळेच्या पुस्तकात पाहिलेली ही दीपधारिणी आपण कोणीच विसरलेलो नाही. पण युद्धभूमीवर तिने पुरती दोन वर्षेही काढली नव्हती आणि परत आल्यावर ती आणखी 54 वर्षे जगली, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते? त्या 54 वर्षांत तिने काय केले आणि त्याआधीच्या 34 वर्षांत तिला काय सोसावे लागले, हे पाहिल्याशिवाय त्या दिव्याचा अर्थ कळत नाही, असे मला वाटते.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. परिचारिकेच्या पेशाशी माझा तसा संबंध नाही. या वाचनाला निमित्त झाले ते घरचेच. माझ्या धाकट्या बहिणीने बारावीनंतर नर्सिंगला जायचे म्हटले आणि घरात दोन तट पडले. शिक्षण संपताच हाताला काम, स्वतःची कमाई, मन असेल तर परदेशाचीही वाट मोकळी, असे आई म्हणते. रात्रपाळ्या, रोगाचा संसर्ग, परक्या माणसांची अंगे पुसायची आणि एवढे करून लग्नाच्या वेळी नाके मुरडणारे लोक, असे आजी आणि काका म्हणतात. दोन्ही पक्षांचे बोलणे ऐकताना माझ्या मनात आले, की ज्या बाईने या पेशाला आजचे रूप दिले, तिच्या घरी हा वाद झाला नसेल काय? म्हणून ग्रंथालयातून तिची चरित्रे काढली. वाद झाला होता! आमच्या घरचा वाद दोन आठवड्यांचा. तिच्या घरचा आठ वर्षे चालला होता.

फ्लॉरेन्सचा जन्म 12 मे 1820 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरी झाला. आईवडील लग्नानंतर युरोपच्या प्रवासाला निघाले होते आणि मुलगी ज्या गावी जन्मली त्याच गावाचे नाव तिला ठेवले गेले. थोरल्या बहिणीचेही तसेच. ती नेपल्सला जन्मली म्हणून त्या शहराच्या जुन्या ग्रीक नावावरून तिचे नाव पार्थेनोपी. वडील विल्यम नाइटिंगेल यांना आईच्या बाजूच्या एका नातलगाची मोठी मालमत्ता मिळाली होती. डर्बीशायरमध्ये एक घर, हॅम्पशायरमध्ये दुसरे, लंडनला मोसमापुरता मुक्काम, असे ते सुखवस्तू जिणे होते. विशेष म्हणजे वडिलांनी दोन्ही मुलींना स्वतः शिकवले. ग्रीक, लॅटिन, फ्रेंच, जर्मन, इटालियन, इतिहास, तत्त्वज्ञान असे सगळे. फ्लॉरेन्सला त्यातही ओढ होती ती गणिताची. आकड्यांच्या कोष्टकात तिचे मन रमे. एवढे शिक्षण त्या काळी इंग्लंडातल्या फार थोड्या मुलींच्या वाट्याला येत असे. पण ते घेऊन पुढे करायचे काय? दिवाणखान्यात बसून भरतकाम करायचे, पाहुण्यांशी गोड बोलायचे आणि चांगले स्थळ आले की लग्न करायचे. शिक्षण द्यायचे आणि त्याचा उपयोग करायला मात्र जागा ठेवायची नाही, ही तऱ्हा आपल्याकडेही काही अनोळखी नाही.

फेब्रुवारी 1837 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी हाक दिली आहे, अशी तिची खात्री पटली. मात्र सेवा कोणती, हे कळायला आणखी काही वर्षे गेली. आजारी नातलगांची, घराजवळच्या गरीब कुळांची शुश्रूषा करताना तिला एक गोष्ट उमगली. केवळ माया असून रोगी बरा होत नाही. काय करावे आणि काय करू नये, याचे ज्ञान लागते आणि ते शिकावे लागते. 1845 साली तिने घरच्यांपुढे बेत मांडला, की जवळच्या सॉल्झबरीच्या इस्पितळात काही महिने राहून आपण हे काम शिकावे. घरात जणू वीज कोसळली. आईने आकांत मांडला, बहीण आजारी पडली, वडील रागाने बोलेनासे झाले.

इथे मला त्या आईला सरसकट दोष देववत नाही. त्या वेळच्या इंग्लंडमधले इस्पितळ म्हणजे आजचे रुग्णालय नव्हे. पैसेवाले लोक घरीच उपचार करून घेत. इस्पितळात जात ती निराधार माणसे. वॉर्डात कोंदट हवा, घाणेरड्या गाद्या, जमिनीत मुरलेली घाण. परिचारिका म्हणून येणाऱ्या बाया बहुधा दुसरे कुठले काम न मिळालेल्या असत. पगार तुटपुंजा, झोपायला वॉर्डातलाच कोपरा, आणि असले जिणे सोसवावे म्हणून दारू. इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना डिकन्सच्या ‘मार्टिन चझलविट’ कादंबरीतली सेअरी गँप आठवेल. ती कादंबरी 1843-44 सालची, म्हणजे ऐन याच वादाच्या तोंडावरची. दारूच्या बाटलीशी सलगी असलेली ती दाई वाचकांना हसवून गेली, कारण तशा बाया लोकांनी पाहिलेल्या होत्या. अशा जगात कोणती आई आपल्या लेकीला पाठवील? म्हणजे घरच्यांची भीती खोटी नव्हती. फ्लॉरेन्सचे म्हणणे एवढेच, की काम वाईट नाही. ज्या स्थितीत ते करावे लागते ती वाईट आहे, आणि स्थिती बदलता येते. माझ्या मते तिच्या सगळ्या आयुष्याची किल्ली या एका विचारात आहे.

परवानगी मिळाली नाही म्हणून ती स्वस्थ बसली नाही. घरातली माणसे उठायच्या आत, पहाटे मेणबत्तीच्या उजेडात, ती इस्पितळांचे व सार्वजनिक आरोग्याचे सरकारी अहवाल वाचू लागली. वह्याच्या वह्या टिपणांनी भरल्या. याच काळात तिच्या आयुष्यात रिचर्ड मंक्टन मिल्न्स होता. तो कवी, पार्लमेंटचा सभासद, कवी कीट्सचे पहिले चरित्र लिहिणारा रसिक माणूस. त्याने अनेक वर्षे तिची वाट पाहिली. तिलाही तो आवडत होता. 1849 मध्ये तिने त्याला नकार दिला. त्या नकारापूर्वी तिने खासगी टिपणात जमाखर्च मांडावा तसा विचार मांडून ठेवला आहे. या लग्नाने बुद्धीला सोबत मिळेल, मनालाही प्रेम मिळेल. पण काहीतरी प्रत्यक्ष करून दाखवण्याची जी तिसरी भूक आहे, ती उपाशीच राहील. नकार दिल्यावर ती सुखी झाली असे नाही. पुढे कित्येक दिवस ती त्याच्या आठवणीने व्याकूळ होती. व्यवसाय निवडताना आपण फायद्यातोट्यांचा हिशेब करतो, पण तोट्याच्या रकान्यात एवढी मोठी रक्कम स्वतःच्या हाताने लिहिणारे विरळाच.

1851 साली तिला अखेर जर्मनीतील कायझर्सवेर्थ येथे तीन महिने राहण्याची संधी मिळाली. तेथे पाद्री फ्लीडनर यांनी रुग्णसेविकांची संस्था चालवली होती. साधे अन्न, पहाटेपासून काम, शस्त्रक्रियेच्या वेळी हजर राहणे, मरणाऱ्यापाशी बसणे. आयुष्यात प्रथमच तिला आपण जगतो आहोत असे वाटले. गंमत अशी, की तेथील स्वच्छतेबद्दल आणि शुश्रूषेच्या पद्धतीबद्दल तिचे मत पुढे मुळीच चांगले राहिले नाही. श्रद्धेने झपाटलेल्या माणसांनाही आरोग्याचे शास्त्र शिकावे लागते, हा धडा तिने तिथूनच घेतला असावा.

1853 मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील आजारी स्त्रियांच्या एका छोट्या संस्थेची ती प्रमुख झाली. पगार शून्य! वडिलांनी तिला वर्षाला 500 पौंड बांधून दिले आणि त्या बळावर ती स्वतंत्र झाली. हा तपशील चरित्रकार एका ओळीत उरकतात. मला मात्र तो फार महत्त्वाचा वाटतो. विनावेतन सेवा तिला परवडली, कारण तिच्या पाठीशी वडिलांची इस्टेट होती. ही गोष्ट ती स्वतः कधी विसरली नाही. दुसऱ्या स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न आला, तेव्हा त्यांना नीट पगार, राहायला जागा आणि पोटभर अन्न मिळालेच पाहिजे, असा तिचा आग्रह होता.

मग क्रिमियाचे युद्ध आले. मार्च 1854 मध्ये इंग्लंड व फ्रान्स यांनी तुर्कस्तानच्या बाजूने रशियाविरुद्ध युद्ध पुकारले. लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये तेथील जखमी सैनिकांच्या हालअपेष्टांची वर्णने येऊ लागली आणि देश हादरला. युद्धखात्याचे मंत्री सिडने हर्बर्ट हे फ्लॉरेन्सचे स्नेही. त्यांनी तिला परिचारिकांची तुकडी घेऊन जाण्याची विनंती केली. 21 ऑक्टोबर 1854 रोजी 38 जणींना घेऊन ती निघाली. त्यात 10 रोमन कॅथलिक जोगिणी, 14 प्रॉटेस्टंट पंथांच्या सेविका आणि 14 इस्पितळांतल्या पगारी परिचारिका होत्या. सर्वांना एकच ओबडधोबड करडा गणवेश, श्रीमंत गरीब असा भेद नाही, आणि दारू पिणारीला तत्काळ परत पाठवणी. पुढे काहीजणींना तशी परत पाठवावी लागलीही.

इस्तंबूलसमोरच्या स्कुटारी गावी एका प्रचंड बराकीचे इस्पितळ केले होते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्या तेथे पोहोचल्या, तेव्हा लष्करी डॉक्टरांनी त्यांचे स्वागत केले नाही. बायकांनी इथे येऊन काय करायचे, असा त्यांचा भाव होता. फ्लॉरेन्सने तक्रार केली नाही. डॉक्टर बोलावत नाहीत तोवर एकीनेही वॉर्डात पाऊल टाकायचे नाही, असा हुकूम तिने आपल्याच बायांना दिला आणि त्यांना चादरी, उशा आणि बांधायच्या पट्ट्या शिवायला बसवले. थोड्याच दिवसांत इन्कर्मनच्या लढाईतील जखमींची रीघ लागली. खाटा संपल्या, मग गवताच्या गाद्या संपल्या, मग माणसे उघड्या फरशीवर पडू लागली. तेव्हा डॉक्टरांना आपण होऊन बोलावणे धाडावे लागले.

तिथे तिने प्रत्यक्ष काय केले? घासण्याचे ब्रश मागवले. एक घर घेऊन कपडे धुण्याची सोय केली आणि पाण्याच्या हंड्या बसवल्या. आजाऱ्यांना झेपेल असे अन्न शिजवण्यासाठी वेगळे स्वयंपाकघर काढले. शिपायांची पत्रे लिहिली, त्यांचा पगार घरी पोहोचेल अशी व्यवस्था लावली, वाचनाची खोली उघडली. सरकारी कोठारात सामान पडून आहे आणि कागदावर सही नाही म्हणून रोग्याला सदरा मिळत नाही, अशा कारभाराशी ती रोज भांडली. रात्री आठनंतर वॉर्डात दुसऱ्या कोणत्याही स्त्रीला मज्जाव होता. त्या वेळी ती एकटी फिरे. हातात असे तो कागदी घडीचा तुर्की कंदील. चित्रकारांनी पुढे त्याला अल्लाउद्दिनाच्या दिव्याचे रूप दिले.

परंतु या कथेतला सर्वांत विदारक भाग चित्रात येत नाही. एवढे करूनही माणसे मरतच होती. फेब्रुवारी 1855 मध्ये इस्पितळातले मृत्यूचे प्रमाण शेकडा 42 पर्यंत गेले. मारत होत्या त्या गोळ्या नव्हेत, पटकी, हगवण आणि ज्वर हे रोग. मार्चमध्ये इंग्लंडहून आरोग्य आयोग आला. त्याने पाहिले तर इमारतीखालची गटारे तुंबलेली, पाणी दूषित, हवा खेळायला वाट नाही. गटारे उपसली, मेलेली जनावरे काढली, झरोके पाडले, भिंतींना चुना दिला. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण शेकडा 2 च्या आसपास आले! युद्ध संपल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्याबरोबर हे आकडे मांडताना फ्लॉरेन्सला उमगले, की त्या पहिल्या हिवाळ्यात आपल्या डोळ्यांदेखत गेलेली हजारो माणसे वाचू शकली असती. दिवा हातात होता, पण मृत्यू पायाखालच्या गटारातून येत होता. या संपूर्ण युद्धात सुमारे 16 हजार ब्रिटिश सैनिक रोगांनी मेले. प्रत्यक्ष लढाईत व जखमांनी मेले ते 5 हजारांच्या आत.

दुसरी एखादी स्त्री हे सत्य दडवून कीर्तीच्या गादीवर बसली असती. त्या वेळी सारा देश तिच्या नावाने वेडा झाला होता. ऑगस्ट 1856 मध्ये ती मात्र मिस स्मिथ हे नाव धारण करून गुपचूप घरी परतली आणि तेच आकडे सरकारपुढे ठेवायच्या कामाला लागली. आकडे नुसते वाचले तर मंत्र्यांना झोप येते, म्हणून 1858 मध्ये तिने ते वर्तुळाकृती रंगीत आकृत्यांत मांडले. रोगाने मेलेल्यांचा निळा भाग एवढा मोठा दिसे, की पाहणाऱ्याला शब्दांची गरज उरू नये. त्याच वर्षी इंग्लंडच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला पहिली स्त्री सभासद म्हणून निवडले. शुश्रूषा म्हणजे केवळ कपाळावरून हात फिरवणे नव्हे, तर मोजणे, नोंदणे आणि त्यावरून व्यवस्था बदलणे, हे तिने असे दाखवून दिले.

या पेशाची किंमत तिने शरीरानेही चुकवली. मे 1855 मध्ये बालाक्लाव्हा येथे ती तापाने मरणाच्या दारी पोहोचली होती. तो ताप आज ब्रुसेलोसिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगाचा असावा, असे अलीकडच्या काही वैद्यांचे मत आहे. त्यातून ती पुरती कधीच उठली नाही. 1857 नंतरचे तिचे बहुतेक आयुष्य एका खोलीत, पलंगावर, कागदपत्रांच्या ढिगात गेले. क्रिमियात गेलेल्या परिचारिकांपैकी काहीजणी तर परत आल्याच नाहीत.

लोकांनी कृतज्ञतेने जमवलेल्या सुमारे 45 हजार पौंडांच्या निधीतून 1860 साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांचे विद्यालय उघडले. कोणत्याही धर्मपंथाचे बंधन नसलेले, रीतसर एक वर्षाचे शिक्षण. उमेदवार मुलींना स्वतंत्र खोली, जेवण, गणवेश आणि वर्षाला 10 पौंड मिळत. शिस्त मात्र कडक. वक्तशीरपणा, स्वच्छता, शांतपणा यांची प्रत्येकीच्या नावाने नोंद होई आणि बाहेर जायचे तर दोघींनी मिळून जायचे. आज आपल्याला हे जाचक वाटेल. पण आईबापांची भीती नाहीशी केल्याशिवाय चांगल्या घरच्या मुली येणार नाहीत, हे तिला स्वतःच्या घरच्या आठ वर्षांनी शिकवले होते. येथून निघालेल्या परिचारिका पुढे ऑस्ट्रेलियापर्यंत गेल्या.

त्यांतल्या एकीचे नाव सांगितलेच पाहिजे. अ‍ॅग्नेस जोन्स ही आयरिश मुलगी 1865 मध्ये लिव्हरपूलच्या गरीबखान्याच्या इस्पितळात गेली. हजारांवर रोगी, बरोबर शिकलेल्या बारा परिचारिका. तीन वर्षांत तिने त्या नरकाचे रूप पालटले आणि फेब्रुवारी 1868 मध्ये टायफसच्या साथीत ती मरण पावली. वय अवघे 35. तिचे वाचताना मला आपल्या सावित्रीबाई फुले आठवल्या. 1897 च्या प्लेगात पुण्याजवळ रोग्यांची सेवा करता करता त्यांनाही त्याच रोगाने गाठले. संसर्गाची जी भीती आजी बोलून दाखवते, तिला असा इतिहास आहे. ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

फ्लॉरेन्स हिंदुस्थानात कधीच आली नाही, पण चाळीस वर्षे हा देश तिच्या टेबलावर होता. हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेच्या आरोग्यासाठी 1859 मध्ये नेमलेल्या आयोगाचे बरेचसे काम तिने पलंगावर बसून केले. ठिकठिकाणच्या छावण्यांना प्रश्नावल्या पाठवून तिने उत्तरे गोळा केली. फौजेतील मृत्यूचे प्रमाण त्या वेळी हजारी 69 होते. 1873 पर्यंत ते 18 वर आल्याचे तिने दाखवून दिले. मग तिचे लक्ष फौजेकडून रयतेकडे वळले. दुष्काळ, पाटबंधारे, कर्जबाजारी शेतकरी, खेड्यांतली स्वच्छता या विषयांवर ती लिहीत राहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. 1892 मध्ये बेहरामजी मलबारी यांच्या, दयाराम गिदुमल यांनी लिहिलेल्या चरित्राला तिने प्रस्तावना लिहिली. याच मलबारी व गिदुमल यांनी 1908 मध्ये मुंबईत सेवासदन काढले आणि त्याचे अध्यक्षपद रमाबाई रानडे यांच्याकडे आले. पुढच्याच वर्षी पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि रमाबाईंनी मराठी मुलींना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी पाठवायला सुरुवात केली. सोवळे, जात, परपुरुषाचा स्पर्श, विटाळ, एवढ्या भिंती पाडून त्या मुली गेल्या. लंडनच्या त्या खोलीतला उजेड असा फिरत फिरत पुण्याच्या पेठांपर्यंत आलेला पाहून मन भरून येते.

पण चरित्र म्हणजे आरती नव्हे. फ्लॉरेन्सच्या अंगी दोषही होते. ती हुकूमत गाजवी. मित्रांना राबवताना त्यांच्या प्रकृतीकडे पाहत नसे. रोगजंतूंचा सिद्धांत तिने फार उशिरा मानला. पुरुषांना तिच्या योजनेत जागा नव्हती, त्यामुळे आज वॉर्डात दिसणाऱ्या ‘ब्रदर’ मंडळींना या पेशात परतायला फार काळ लागला. जमैकाहून आलेली मेरी सीकोल ही अनुभवी शुश्रूषा करणारी स्त्री तिच्या तुकड्यांत घेतली गेली नाही. ती स्वतःच्या खर्चाने क्रिमियात गेली आणि तिने सैनिकांची सेवा केली, पण पुढे शतकभर जगाला तिचे नाव विसरल्यासारखे झाले. 1887 नंतर परिचारिकांनी सरकारी नोंदणीची मागणी केली, तेव्हा तिला फ्लॉरेन्सने विरोध केला. चारित्र्य आणि माया परीक्षेने मोजता येत नाहीत, असे तिचे म्हणणे. म्हणणे खरेच आहे. परंतु नोंदणी नसेल तर शिकलेली आणि न शिकलेली एकाच पगारात राबतात, हेही खरे. इंग्लंडमध्ये नोंदणीचा कायदा झाला तो तिच्या मृत्यूनंतर, 1919 मध्ये. आपल्याकडे परिचर्या परिषदेचा कायदा 1947 साली आला.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. या पेशाचे तोटे कोणते? उभे राहून पाय सुजतात. दिवसरात्रीच्या पाळ्यांनी झोप आणि घरदार दोन्ही विस्कटते. संसर्गाचा धोका पाठ सोडत नाही. रोज कोणाचे तरी मरण पाहावे लागते. आणि श्रेय बहुधा डॉक्टरला मिळते. या साऱ्याहून एक तोटा मला अधिक घातक वाटतो. परिचारिकेला देवी म्हणायचे आणि पगाराचा विषय काढला की तोंड फिरवायचे, ही आपली सवय. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीला, लहान खासगी रुग्णालयातही परिचारिकेला महिना किमान 20 हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस करावी लागली. शिफारस करावी लागते, याचा अर्थ कित्येक ठिकाणी तेवढेही मिळत नव्हते. 2020 हे तर फ्लॉरेन्सच्या जन्माचे द्विशताब्दी वर्ष. जागतिक आरोग्य संघटनेने ते परिचारिकांचे वर्ष म्हणून जाहीर केले होते आणि त्याच वर्षी कोरोनाची साथ आली. मार्चमध्ये आपण साऱ्यांनी गच्चीवर उभे राहून थाळ्या वाजवल्या आणि त्याच दिवसांत रुग्णालयातून परतणाऱ्या परिचारिकांना खोली खाली करायला सांगणारे घरमालकही निघाले. 1845 मधली ती नजर अजून पुरती गेलेली नाही.

आणि फायदे? स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे बळ. गावात, शहरात, परदेशात, कुठेही गरज असलेले ज्ञान. आपल्या कामाचे फळ आपल्याच डोळ्यांनी पाहण्याचे भाग्य. काल मान न उचलणारा रोगी आज ‘सिस्टर, पाणी’ म्हणतो, हे इतर किती व्यवसायांत घडते? पदविका, पदवी, पुढे अध्यापन, मेट्रनपद, प्रशासन, संशोधन अशी चढती वाटही आज आहे. खाटेपाशी काम करणाऱ्या माणसाला व्यवस्थेतले जे दिसते, ते कचेरीत बसलेल्याला दिसत नाही. आणि जो ते लिहून ठेवतो, मोजतो, तो व्यवस्था बदलू शकतो, हे फ्लॉरेन्सने सिद्धच केले आहे.

बेरीज वजाबाकी करून मी या निष्कर्षाला आले आहे. परिचर्येकडे नुसते व्रत म्हणून पाहू नये. व्रत म्हटले, की उपास आपोआप आला! तो व्यवसाय आहे. त्याला शास्त्र आहे, वेतन आहे, हक्क आहेत. मात्र या व्यवसायात माया नसेल तर तो कोरडा होतो, हेही तितकेच खरे. म्हणून बहिणीला मी एवढेच सांगितले, की नोकरी लवकर मिळते म्हणून जाऊ नकोस आणि त्याग करायचा म्हणूनही जाऊ नकोस. रात्री दोन वाजता अनोळखी माणसाची घाण काढताना त्या माणसाचा राग येणार नसेल आणि सकाळी त्याच्या तापाचा आलेख नीट भरावासा वाटणार असेल, तर जा. आणि आजीला सांगितले, की भीती खरी असेल तर मुलीला रोखून ती जात नाही. रुग्णालयाने राहायची सुरक्षित जागा, योग्य पगार आणि मान द्यावा म्हणून सगळ्यांनी बोलावे लागते. फ्लॉरेन्सने नेमके हेच केले.

अखेरच्या वर्षांत तिची दृष्टी गेली. 1907 मध्ये राजाने तिला ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान दिला. तो मिळवणारी ती पहिली स्त्री. 13 ऑगस्ट 1910 रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ती झोपेतच गेली. राष्ट्राच्या थोर पुरुषांशेजारी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत तिला जागा देऊ केली होती. तिच्या इच्छेला मान देऊन नातलगांनी ती नाकारली आणि हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो या खेड्यात कुटुंबाच्या स्मशानभूमीत तिला पुरले. दगडावर तिच्या वाट्याला आली ती नावाची दोन आद्याक्षरे आणि जन्ममृत्यूच्या तारखा. दिव्याचे चित्र नाही, पदव्या नाहीत. तिचे नाव वाचायचे असेल तर ते तिथे शोधू नये. मध्यरात्री एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात जावे. खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या तक्त्यावर जिथे कुणीतरी रुग्णाच्या तापाची नोंद करत असते, तिथे ते रोज नव्याने लिहिले जात असते.